काळी-पांढरी कांडी

 दागिने बनवणाऱ्या आमच्या गटाला रेडिओवर बोलवलं, तेव्हा आम्ही जरा बिचकलोच. नक्षी ही डोळ्यांनी बघायची गोष्ट, ती कानाला कशी सांगायची? मग आमच्यातली एक जण म्हणाली, बाकरवडी सांगा, सगळ्यांना कळेल. तसंच करतो. ऐकताना समोर बाकरवडी आहे असं समजा. वही-पेन्सिल मात्र जवळ ठेवा, कारण मापं सांगणार आहोत.

बाकरवडीचा उंडा वळताना बाहेरून फक्त पोळी दिसते. सारण आत असतं. सुरीने काप पाडला की चक्र दिसतं. पुढचा काप पाडला तरी तेच चक्र, त्याच्या पुढच्याही कापात तेच. चक्र आपण प्रत्येक वडीवर काढत नाही. ते एकदाच, वळतानाच आत भरलेलं असतं. आज ज्या कांडीबद्दल आम्ही बोलणार आहोत तिचं सगळं मर्म एवढंच आहे. पॉलिमर क्लेच्या काळ्या आणि पांढऱ्या गोळ्यांपासून अशी कांडी वळायची, की कुठेही कापली तरी आतून तीच नक्षी निघेल. त्या चकत्यांची कानातली होतात, गळ्यातली पदकं होतात, बटणं होतात. इंग्रजीत तिला केन म्हणतात, म्हणजे छडी किंवा ऊस. आम्हाला उसाचं कांडं आठवलं, म्हणून आम्ही कांडी म्हणतो.

आधी हे साहित्य काय आहे ते सांगतो. नावात क्ले असली तरी ही माती नाही. कुंभाराच्या मातीशी तिचा संबंध नाही. ती पीव्हीसी नावाच्या प्लास्टिकची बारीक पूड असते, आणि तिला मऊ ठेवणारं तेलासारखं द्रव्य तिच्यात कालवलेलं असतं. वर रंग. हवेत ठेवली तर ती वाळत नाही, पाण्यात विरघळत नाही. भट्टीत ठरावीक उष्णता मिळाली की पूड आणि ते द्रव्य एकजीव होतं आणि वस्तू कडक होते. जर्मनीत कापडी बाहुल्या बनवणाऱ्या केटे क्रूझ नावाच्या प्रसिद्ध बाई होत्या. त्यांच्या मुलीने, सोफीने, अशा लगद्यावर प्रयोग केले. तिचं घरातलं नाव फिफी, आणि त्यावरूनच फिमो हे नाव आलं. 1960 च्या दशकात तो लगदा कारखान्यात तयार होऊन बाजारात आला. आता जगभर बऱ्याच कंपन्या अशी क्ले करतात, आणि आपल्याकडे मोठ्या शहरांतल्या हस्तकलेच्या दुकानांत तिच्या छोट्या वड्या मिळतात.

साहित्य नवं असलं तरी आत नक्षी भरून काप पाडायची युक्ती फार जुनी आहे. इटलीत व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावर काचेच्या रंगीत कांड्या वितळवून एकत्र जोडतात, ओढून लांब करतात आणि चकत्या पाडतात. त्या कामाला मिलेफिओरी म्हणतात, म्हणजे हजार फुलं. आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे सुरतेचं आणि मुंबईचं सादेली काम. हस्तिदंत, काळं आबनुसाचं लाकूड, शिंग आणि कथील यांच्या तिकोनी-चौकोनी बारीक पट्ट्या एकत्र चिकटवून दांडा करायचा, तो आडवा कापून पातळ चकत्या काढायच्या आणि त्या लाकडी पेट्यांवर बसवायच्या. एकोणिसाव्या शतकात अशा पेट्या मुंबईहून विलायतेला जात, आणि तिकडे त्यांचं नावच बॉम्बे बॉक्स पडलं. म्हणजे काळ्या-पांढऱ्या कांडीचं हे तंत्र आपल्याला अगदीच परकं नाही.

काळा आणि पांढराच का? आम्हाला कारण दिलं संक्रांतीने. एरवी सणाला काळं नको म्हणणारं घरही संक्रांतीला आवर्जून काळी साडी घेतं. नव्या सुनेला काळ्या साडीवर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने घालतात. हलव्याचे दागिने त्या दिवसापुरते, काळी साडी मात्र वर्षभर कपाटात असते. तिच्यावर घालायला काळी-पांढरी कानातली बायका शोधतात, हे आम्हाला एका दुकानदार ताईंनी सांगितलं. दुसरं कारण शिकण्याचं. चार रंग असले की चूक रंगात लपते. काळ्या-पांढऱ्यात रेघ वाकडी झाली, पांढऱ्यावर बोटाचा डाग पडला, तर लगेच दिसतं. या दोन रंगांवर हात बसला की पुढे कुठलाही रंग घ्या.

आता सामान. एक गुळगुळीत टाइल, फरसबंदीतून उरलेली चालते. काचेचं किंवा स्टीलचं गुळगुळीत लाटणं. लांब, पातळ, सरळ आणि धारदार पातं. आइस्क्रीमच्या काड्या, त्या कशाला ते सांगतो. मोजपट्टी. भाजायला छोटी विजेची भट्टी, जिला आपण ओटीजी म्हणतो, आणि भट्टीच्या आत ठेवायचा तापमापक. यातली कोणतीही वस्तू एकदा या कामाला वापरली की परत स्वयंपाकात न्यायची नाही. बाकरवडीचं नाव घेतलं ते समजावण्यापुरतं. हे प्लास्टिक आहे. पाकिटावर विषारी नाही असं लिहिलेलं असतं, पण त्याचा अर्थ ते पोटात गेलं तरी चालेल असा होत नाही. काम झालं की हात साबणाने धुवायचे आणि मगच कणकेला लावायचे. शक्य असेल तर भट्टीही वेगळीच ठेवा. आमच्या गटाने सहा जणींत मिळून एक जुनी भट्टी घेतली, ती फक्त याच कामाची.

पहिली पायरी मळण्याची. वडीचे तुकडे करून हाताच्या उबेने मळायचे. आधी कुरकुरतात, मग मऊ होतात. आधी पांढरा मळायचा, मग काळा. हा क्रम वहीत ठळक लिहा. काळ्याचा रंग बोटांच्या रेघांत बसतो आणि पांढऱ्यावर उतरतो. पहिल्या वेळी आम्ही उलट केलं आणि आमचा पांढरा रंग राखेसारखा झाला. काळ्यानंतर पुन्हा पांढऱ्याला हात लावायचा असेल तर हात धुवा, टाइल पुसा, पातं पुसा. कपडेही बघून घाला. काळ्या लोकरीचे, गोधडीचे धागे पांढऱ्यावर चिकटतात, म्हणून आम्ही जुना पांढरा सुती झगा घालतो आणि केस बांधतो. तरी कण चिकटलाच तर कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून हलकेच पुसा. स्पिरिट पेट घेतं, तेव्हा बाटली भट्टीपासून आणि शेगडीपासून लांब ठेवा.

दुसरी पायरी बायका नेहमी विसरतात, आम्हीही विसरलो होतो. काळा आणि पांढरा सारखेच मऊ हवेत. दोन्ही रंगांच्या सुपारीएवढ्या गोळ्या शेजारी ठेवा आणि एकाच टाइलने वरून दाबा. दोन्ही सारख्याच पसरल्या तर ठीक. एक जास्त पसरली तर ती जास्त मऊ आहे. अशी कांडी पुढे दाबून बारीक करताना मऊ रंग पुढे पळतो, कडक मागे राहतो आणि नक्षी फाटते. मऊ झालेली क्ले दोन कोऱ्या कागदांत दाबून काही तास ठेवली की कागद तिचं तेल ओढून घेतो आणि ती घट्ट होते. कडक असेल ती आणखी मळायची.

आता नक्षी. चार सांगतो. चारही सोप्या आहेत आणि यांच्यातूनच बाकीच्या होतात.

पहिली, डोळा. पांढऱ्या क्लेचा छोटा लोड वळा, बोटाएवढा. काळ्याची पोळी लाटा. लाटताना दोन्ही बाजूंना आइस्क्रीमच्या काड्या ठेवायच्या आणि लाटणं त्यांच्यावरून फिरवायचं, म्हणजे पोळी सगळीकडे एका जाडीची होते. त्या पोळीची एक कड सरळ कापा. लोड तिच्यावर ठेवून पुढे फिरवा, एक पूर्ण फेरा झाला की कापलेली कड पोळीवर टेकेल. लोड जरा मागे घ्या, पोळीवर पुसटशी रेघ उमटलेली दिसेल. त्या रेघेवर कापा. आता दोन्ही कडा एकमेकींना फक्त टेकतात, एकीवर दुसरी चढत नाही. चढली तर प्रत्येक चकतीत तिथे जाड गाठ दिसते.

दुसरी, बाकरवडी. एक पांढरी पोळी, एक काळी पोळी, एकावर एक. काळी पांढरीपेक्षा थोडी पातळ ठेवा. बारीक झाल्यावर काळा रंग डोळ्याला जास्त भरतो, पांढरा दबून जातो.  जिथून वळायला सुरुवात करणार ती कड लाटण्याने दाबून पातळ करा आणि घट्ट वळा. हवा आत राहू देऊ नका. हवेचा बुडबुडा भाजताना फुगतो.

तिसरी, चौकडा. बुद्धिबळाच्या पटासारखा. हा जरा नीट ऐका. काळ्या आणि पांढऱ्या पोळ्या, सगळ्या 3 मिलिमीटर जाडीच्या, 2 सेंटिमीटर रुंद आणि 5 सेंटिमीटर लांब कापा. काळी, पांढरी, काळी, पांढरी असे सहा थर रचा आणि हलकेच दाबा. थर सम संख्येत हवेत, चार किंवा सहा, का ते लगेच कळेल. आता या ठोकळ्याला वरून खाली, लांबीच्या दिशेने काप द्या. प्रत्येक काप 3 मिलिमीटरचा, म्हणजे थराच्या जाडीएवढाच. सहा पट्ट्या निघतील. पहिली पट्टी तशीच ठेवा, दुसरी खालची बाजू वर करून तिच्या शेजारी उभी करा, तिसरी तशीच, चौथी उलटी. काळ्याशेजारी पांढरा येतो आणि पट तयार. थर पाच असते तर पट्टी उलटी केली तरी खाली-वर तोच रंग आला असता आणि नुसते पट्टे राहिले असते.

चौथी, फूल. हे आमचं सगळ्यात जास्त चालणारं. मघाचा डोळा वळून 1 सेंटिमीटर जाडीचा करा आणि त्याचे 4 सेंटिमीटर लांबीचे सहा तुकडे कापा. तेवढ्याच जाडी-लांबीचा एक काळा लोड करा. काळा मधोमध उभा करा आणि सहा डोळे त्याच्याभोवती. एकाभोवती त्याच आकाराचे सहा गोल बरोबर बसतात, ना फट ना चेंगराचेंगरी. ताटात सारखे लाडू मांडून पाहा, एकाभोवती सहाच बसतील. बाहेरच्या बाजूला दोन पाकळ्यांमध्ये जी खाच राहते ती काळ्याच्या बारीक वळीने भरा. ही भरणी टाळू नका. खाच रिकामी राहिली तर दाबताना पाकळी त्या खाचेत घसरते आणि फूल चेपतं. शेवटी सगळ्यावर काळ्याची पातळ पोळी गुंडाळा. काळ्यावर पांढऱ्या सहा पाकळ्यांचं फूल झालं.

आता ही कांडी जाडजूड आहे, 3 सेंटिमीटर व्यासाची आणि 4 सेंटिमीटर लांब. कानातल्याला एवढी मोठी चकती नको. तिला बारीक करायचं. पोळपाटावर फिरवून लगेच लांब करायला गेलात तर बाहेरचं सरकेल आणि आतलं तिथेच राहील. आधी मुठीत धरून मधोमध चारी बाजूंनी दाबायचं, थोडं फिरवायचं, पुन्हा दाबायचं. मधे कंबर झाली की तिथून दोन्ही टोकांकडे सरकत जायचं. चौकड्याच्या कांडीला चारी बाजूंनी टाइलने दाबायचं, म्हणजे ती चौकोनीच राहते. घाई केली की नक्षी पिळवटते. कांडी गार आणि ताठ झाली असेल तर थोडा वेळ हातात धरा. हे काम पंधरा मिनिटांचंही असतं, कधी अर्ध्या तासाचंही.

याचं गणित सोपं आहे. व्यास निम्मा झाला की लांबी चौपट होते. 3 सेंटिमीटरची कांडी दीड सेंटिमीटरची केली की 4 सेंटिमीटरची लांबी 16 होते. दोन्ही टोकांना नक्षी नेहमीच बिघडते, तिथले 2-2 सेंटिमीटर सोडून द्या. राहिले 12. चकती 2 मिलिमीटरची धरली तर 60 चकत्या. म्हणजे एका कांडीतून 30 जोड. टोकांचे तुकडे फेकू नका. ते एकत्र मळले की करडा रंग होतो आणि चकतीच्या पाठीला अस्तर म्हणून उपयोगी पडतो.

बारीक केलेली कांडी ऊबदार आणि लुसलुशीत असते. तिला लगेच कापलं तर गोल चकतीची अंडाकृती होते. रात्रभर ठेवा किंवा बंद डब्यात घालून दहा-पंधरा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा. मग पातं सरळ खाली दाबून एका झटक्यात कापा, करवतीसारखं पुढे-मागे नको. प्रत्येक कापानंतर कांडी पाव फेरा फिरवा, नाहीतर एकच बाजू टाइलवर चेपत जाते. पातं अधूनमधून पुसा, काळ्याची रेघ पांढऱ्यावर ओढली जाते. राहिलेली कांडी पातळ प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सावलीत ठेवा. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, उष्णतेने ती तिथेच हळूहळू कडक व्हायला लागते.

चकत्या अस्तरावर बसवून, कडीसाठी सुईने भोक पाडून, साध्या कागदावर टाइलवर मांडा. भोक भाजण्याआधीच पाडायचं. आता भट्टी. तापमान पाकिटावर लिहिलेलं असतं, तेच पाळायचं. बहुतेक क्लेना 110 ते 130 अंश सेल्सिअस आणि साधारण अर्धा तास लागतो. भट्टी आधी तापवून घ्या. पांढरा रंग लवकर पिवळा पडतो, म्हणून वरून अॅल्युमिनियमच्या फॉइलचा तंबू करा, चकत्यांना न टेकणारा.

इथे आमची एक चूक सांगायलाच हवी. संक्रांतीच्या पहिल्या मागणीचे 40 जोड आम्ही भट्टीच्या बटणावरच्या आकड्यावर विश्वास ठेवून भाजले. बटण 130 दाखवत होतं, आत उष्णता बरीच जास्त होती. पांढऱ्या पाकळ्या चहाच्या रंगाच्या झाल्या. त्या आठवड्यात रात्री जागून पुन्हा काम केलं आणि 22 जोडच वेळेत देऊ शकलो. तापमापक त्यानंतर आणला. तो आधी आणा, एवढंच सांगणं.

यात पैशांपेक्षा मोठी गोष्ट जिवाची आहे. ही क्ले फार तापून जळली तर हायड्रोजन क्लोराइड नावाचा वायू निघतो. तो डोळ्यांना आणि घशाला झोंबतो. तसा वास आला तर भट्टी बंद करा, खिडक्या-दारं उघडा, मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना बाहेर न्या आणि हवा स्वच्छ होईपर्यंत आत जाऊ नका. गॅसवर, तव्यावर, मायक्रोवेव्हमध्ये भाजायचा प्रयत्न करू नका. भाजताना खोलीत वारा खेळता हवा. थंड झाल्यावर घासायचं असेल तर पॉलिशपेपर पाण्यात बुडवून घासा, म्हणजे पूड नाकात जात नाही. आधी 400 नंबरचा, मग 600, मग 1000. आणखी एक. बोरन्हाणासाठी लहान बाळाला या क्लेचे दागिने करून द्याल का, असं आम्हाला विचारतात. आम्ही नाही म्हणतो. बाळ हातात येईल ते तोंडात घालतं, आणि चकती घशात अडकू शकते. बाळाला हलव्याचेच दागिने घाला, तेही लक्ष ठेवून.

इथवर कृती झाली. आता जे सांगणार आहोत ते कुठल्या पाकिटावर लिहिलेलं नसतं.

गट सुरू झाला तेव्हा आमचा हिशेब साधा होता. जिने जेवढे जोड तयार करून दिले तेवढे तिचे पैसे. न्याय्य वाटत होतं. आमच्यातल्या एका काकूंचा हात कांडीवर उत्तम बसला होता. त्या फूल वळायच्या, त्यातून 30 जोड निघायचे, आम्ही सगळ्या ते कापायचो, भाजायचो, कड्या लावायचो. महिन्याअखेरी पैसे वाटले की काकूंच्या हातात सगळ्यात कमी. त्या काही बोलल्या नाहीत. पुढे हळूहळू त्यांनी नवी कांडी वळणं बंद केलं आणि आमच्यासोबत कापायला बसू लागल्या. आम्हाला वाटलं, बरंच झालं, काम लवकर होईल. दोन महिन्यांनी दुकानदार ताई म्हणाल्या, अहो, तेच फूल किती वेळा देणार, नवीन काही नाही का? तेव्हा आम्ही काकूंना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "मी कांडी वळते त्या दिवशी माझ्या नावावर शून्य जोड लागतात. तुम्ही कापता ते माझंच काम असतं, पण ते तुमच्या नावावर जातं."

आम्हाला बोलायला तोंड राहिलं नाही. कारण हीच तक्रार आम्ही प्रत्येकीने आपापल्या घरात केलेली आहे. पंगतीत वाढणारीचे हात दिसतात, पहाटे उठून निवडून-भिजवून-वाटून ठेवणारीचे दिसत नाहीत. तीच गोष्ट आम्ही आमच्याच गटात काकूंच्या बाबतीत केली होती. कांडीचं काम असंच आहे. सगळी अक्कल आणि सगळे कष्ट आधी होतात आणि आत झाकले जातात. नंतरचा काप मात्र कुणालाही जमतो आणि तोच नजरेत भरतो.

मग आम्ही हिशेब नव्याने मांडला. समजायला सोपे आकडे धरून सांगतो, तुम्ही तुमच्या गावचे दर घाला. समजा एका कांडीची आणि अस्तराची क्ले 300 रुपये, 30 जोडांच्या कड्या 150 रुपये, वीज आणि पॉलिशपेपर 50 रुपये. झाले 500. पूर्वी आम्ही इथेच थांबायचो आणि 500 ला 30 ने भागून म्हणायचो, जोड 17 रुपयांना पडला. आता तास धरतो. मळून, नक्षी रचून, बारीक करायला 5 तास. कापणं, भाजणं, घासणं, कडी लावणं, जोडाला पाव तास, म्हणजे 30 जोडांना साडेसात तास. एकूण साडेबारा. ताशी 60 रुपये धरले तर 750. एकूण खर्च 1250. शिवाय 30 पैकी 3 जोड बिघडतील असं गृहीत धरा. 1250 ला 27 ने भागा. जोड पडला सुमारे 46 रुपयांना, 17 ला नव्हे. त्यात सुमारे 11 रुपये कांडी वळणारीचे, मग तो जोड कापला कुणीही असो. गटाचा निधी आणि दुकानदाराचा वाटा यावर धरायचा आणि मगच विक्रीची किंमत ठरवायची.

यासाठी एक वही केली आहे. प्रत्येक कांडीला क्रमांक, ती कोणी वळली, किती तास लागले, किती चकत्या निघाल्या, किती बिघडल्या. पिशवीवर तोच क्रमांक. कांडी सहा महिन्यांनी कापली तरी वळणारीचे पैसे बुडत नाहीत. या वहीचा एक फायदा आम्हाला नंतर कळला. गिऱ्हाईक म्हणतं, एवढ्याशा चकतीला एवढे पैसे? पूर्वी आम्ही लगेच दहा रुपये कमी करायचो. आता कांडीचं एक टोक सोबत ठेवतो. ते हातात देतो आणि सांगतो, हे फूल वर रंगवलेलं नाही, आरपार आहे, असं आत रचावं लागतं. ऐकून सगळेच घेतात असं नाही. पण घासाघीस कमी होते, आणि आमचाही आवाज खाली जात नाही.

काकूंनी वहीत पहिली नोंद झाल्यावर आठवडाभरात नवी कांडी वळली. चौकड्याच्या चार छोट्या कांड्या चार कोपऱ्यांना आणि मधे फूल. यंदा तीच सगळ्यात जास्त गेली. शिवाय त्यांनी आमच्यातल्या धाकट्या दोघींना कांडी शिकवायला घेतली. आधी शिकवत नव्हत्या, कारण शिकवण्याचे तासही कुठे लिहिले जात नव्हते. आता तेही लिहितो.

तुम्हाला करून बघायचं असेल तर लगेच महाग क्ले आणू नका. शाळेतली मुलं खेळतात ती साधी मॉडेलिंग क्ले दोन रंगांत आणा. ती भाजायची नसते, भट्टीत वितळते, तेव्हा भट्टीत घालू नका. पण तिच्यावर डोळा, बाकरवडी, चौकडा आणि फूल हे चारही शिकता येतात आणि चुकलं तर पुन्हा मळता येतं. चौकड्याच्या पट्ट्या उलट्या-सुलट्या ठेवणं जमलं की समजा अर्धं काम आलं. आणि चार जणी मिळून करणार असाल तर क्ले आणायच्या आधी वही आणा. कोण काय करणार आणि कशाचे किती धरणार, ते पहिल्या पानावर लिहा.